तक्रार नाही

श्री
श्रीरामपुरम, बंगळूर
१४ जुलै १९९७

ती. सौ. कौशल्याक्कास,
धाकट्या महानंदाचा सा. न. वि. वि.

पत्र मुद्दाम दाजींच्या शाळेच्या पत्त्यावर टाकते आहे. निपाणीच्या घरी आलेलं प्रत्येक पाकीट आधी भागू फोडते आणि मग तुम्हाला वाचून दाखवते, हे मला ठाऊक आहे. दाजी हेडमास्तर झाल्याचा मला झालेला हा एकच फायदा.

आमच्या इस्पितळात मुलांच्या रक्ताच्या आजारांच्या विभागात मला बारा वर्षं झाली. आजवर आम्ही किती मुलं वाचली एवढंच मोजत होतो. आता शेषगिरी डॉक्टरांनी नवा अभ्यास काढला आहे. वाचलेली मुलं पुढं जगतात कशी, ते त्यांना बघायचं आहे. उपचार संपून पाच वर्षं झालेल्या प्रत्येक मुलाच्या घरी दोन फॉर्म जातात, एक आईबापांनी भरायचा आणि एक मुलानं स्वतः, एकट्यानं. झोप, शाळा, मैत्रिणी, भीती, घरच्यांचं वागणं, असे चाळीस प्रश्न आहेत. पत्ते लिहिता लिहिता बाविसाव्या ओळीवर आपल्या भाग्यलक्ष्मीचं नाव आलं आणि माझा हात थांबला.

सहा वर्षांची असताना तिला रक्ताचा कॅन्सर झाला. तीन वर्षं औषधं चालली आणि त्यातले पहिले आठ महिने तुम्ही दोघी माझ्या याच खोलीत होतात. तिला मात्र आपण अंगात रक्त कमी आहे एवढंच सांगितलं. आता ती सतराची आहे. मुलांच्या फॉर्मवर पहिल्याच ओळीत आजाराचं नाव छापलेलं आहे. अक्का, आता तिला सांगायला हवं. तुला जमत नसेल तर मी येते.

चार दिवस मी एका जागी बसलेली नाही. घरमालकीण सकवारबाई म्हणतात, तुझ्या येरझाऱ्यांनी फरशी झिजली, स्वल्प बैस की. त्यांचे पूर्वज शहाजीराजांबरोबर इथं आले आणि तेव्हापासून बसलेलेच आहेत, त्यांना काय जातंय सांगायला.

दाजींना नमस्कार. तुझा लोभ आहेच, या वेळी उत्तरही लवकर असावं.

तुझी,
महानंदा

*

निपाणी
२२ ऑगस्ट १९९७

चि. महानंदास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. दोन्ही फॉर्म भरून सोबत पाठवते आहे. भागूनं तिचा तिनंच भरला. वरच्या ओळीवर ह्यांनी आधी कागदाची पट्टी चिकटवली, त्यामुळे काही घोटाळा झाला नाही. तुझ्या डॉक्टरांचं काम झालं आणि आमचंही बिघडलं नाही.

तिला सांगण्याचं मात्र पुन्हा काढू नकोस. दोन-तीन वर्षांत तिच्यासाठी स्थळं बघायची. त्या आजाराचं नाव एकदा उंबऱ्याबाहेर पडलं की गावभर होणार, मग माझ्या पोरीला पदरात कोण घेणार? तिनं त्या तीन वर्षांत सोसलं ते तू आणि मी डोळ्यांनी बघितलं आहे. यापुढं हिच्या कानावर एकही कडू शब्द पडू द्यायचा नाही, असं मी तेव्हाच देवापुढं ठरवलं आणि आजवर पाळलं. घरात तिला कुणी मोठ्यानं हाकसुद्धा मारत नाही. तुला इस्पितळातली शंभर मुलं आहेत. मला एकच आहे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, बाई.

यंदाही लोणचं पाठवलेलं नाही. आईची ती मोठी बरणी गेल्या वर्षी फुटली, तेव्हापासून घातलंच नाही. चाळीस प्रश्नांचे फॉर्म लोकांना वाटत फिरतेस, स्वतःच्या लग्नाचा एक फॉर्म कधी भरणार आहेस?

प्रकृतीस जप. आमच्या आशीर्वादात तू आहेसच, आमचं थोडं ऐकत जा.

तुझी अक्का

*

श्रीरामपुरम, बंगळूर
१ सप्टेंबर १९९७

ती. सौ. अक्कास,
महानंदाचा सा. न. वि. वि.

अक्का, तू पकडली गेलीस. मुलाचा फॉर्मही तूच भरला आहेस. अक्षर वळवलंस, पण वयाच्या आकड्यातल्या सातला शेपूट तुझंच आहे. आणि उत्तरं तरी काय! भीती वाटते का, तर नाही. राग येतो का, तर नाही. घरच्यांबद्दल काही सांगायचं आहे का, तर ‘तक्रार नाही’. सतरा वर्षांची मुलगी आणि तक्रार नाही! शेषगिरी डॉक्टरांनी मला विचारलं, ही मुलगी आहे की देव्हाऱ्यातली मूर्ती. देवनहळ्ळीहून भागूसारखीच बरी झालेली एक मुलगी तपासणीला येते, तिनं दोन पानं भरून तक्रारी लिहिल्या. डॉक्टर खूष झाले. तक्रार करणारं मूल पुढच्या वर्षाचा विचार करत असतं, असं त्यांचं म्हणणं.

तुला एकच आहे असं लिहिलंस ते मला लागलं, पण खरं आहे, मी आई नाही. तरी एक ऐक. ज्या लाल इंजेक्शनांनी भागू वाचली, ती काही मुलांच्या हृदयाला बऱ्याच वर्षांनी त्रास देतात, हे आता कळू लागलं आहे. भागूला देतीलच असं नाही. पण अधूनमधून तपासावं लागेल, जन्मभर. उद्या ती तीस वर्षांची असेल, सासरी असेल, जिना चढताना दम लागेल. डॉक्टर विचारेल, लहानपणी काय झालं होतं? आणि ती सांगेल, रक्त कमी होतं. तेव्हा तिथं तू नसशील, मी नसेन. या एका विचारानं मला अन्न गोड लागत नाही.

सोबत मुलांचा कोरा फॉर्म पुन्हा पाठवते आहे. या वेळी पट्टी चिकटवू नका.

राग आला तर कळव, न आला तर त्याहून लवकर कळव.

तुझी,
महानंदा

*

निपाणी
१० सप्टेंबर १९९७

ती. सौ. महानंदामावशीस,
भागूचा शि. सा. न. वि. वि.

‘सौ.’ सवयीनं पडलं, खोडत नाही. आईला बरं वाटेल.

तुझं एक तारखेचं पत्र माझ्या हाती आलं. गणपतीच्या सुट्टीमुळं शाळा बंद होती. आपले पोस्टमन बाबांचे जुने विद्यार्थी, हेडमास्तरांचं पत्र कशाला अडकून पडावं म्हणून घरी घेऊन आले. आई करंज्या तळत होती. नेहमीसारखं मी फोडलं. वाचून मात्र दाखवलं नाही.

तू घाबरू नकोस. मला कळून सात वर्षं झाली. मी दहा वर्षांची असताना आपण तपासणीला गेलो होतो. इस्पितळाच्या पुढच्या दारावर पाटी आहे म्हणून तुम्ही दोघी मला नेहमी कँटीनकडच्या मागच्या फाटकानं न्यायचात. पाटी चुकवलीत, पण बसचा कंडक्टर राहिला. स्टॉप आला की तो गाडीभर ऐकू जाईल असं कॅन्सर आस्पत्रे, कॅन्सर आस्पत्रे म्हणून ओरडायचा आणि उतरणारे आपणच. मी आईकडं पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. तुम्ही तिघं इतक्या मेहनतीनं लपवत होतात की मला कळलंय हे सांगितलं असतं तर सगळे कष्ट वाया गेले असते. म्हणून गप्प बसले.

फॉर्म भरून पाठवते आहे. शेवटच्या प्रश्नाला जागा पुरली नाही म्हणून इथं लिहिते. घरच्यांनी काय करावं असं तुला वाटतं? मावशी, मला कुणीतरी रागवावं असं वाटतं. काकांचा चंदन आणि मी शेजारच्यांच्या छपरावर चढून कौलं फोडली. त्याला काकांनी छडीनं मारलं, मला आईनं शिरा करून दिला. गणितात एकतीस मार्क पडले तर म्हणाली, मार्कांपेक्षा जीव मोठा. आजीची लोणच्याची बरणी मी गेल्या वर्षी मुद्दाम पाडली. अगदी तिच्यासमोर. तिनं एवढंच विचारलं की पायाला काच नाही ना लागली. चिनीमातीच्या बरणीत काच कुठली?

चंदन मोठा होणार आहे म्हणून त्याला मारतात. मला रागवत नाहीत, म्हणजे मी फार दिवसांची नसणार. बरणी फुटली त्या दिवशी तर माझी खात्रीच झाली. तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा कुणीतरी माझ्या तिसाव्या वर्षाबद्दल लिहिलेलं दिसलं. सासर, जिना, दम लागणं, सगळं आवडलं.

फॉर्म डॉक्टरांना दे. हे पत्र आईला पाठव, मला तोंडानं जमणार नाही. दसऱ्याच्या सुट्टीत बाबांबरोबर तपासणीला येते. पुढच्या दारानं.

तुझा लोभ आहे तसाच राहू दे, त्यात थोडं खरं बोलणं वाढव.

तुझी,
भागू

*

श्रीरामपुरम, बंगळूर
१६ सप्टेंबर १९९७

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

सोबत भागूचं पत्र आहे, तिनंच पाठवायला सांगितलं. मी त्यात काही घालत नाही. वाचल्यावर मी वाहनतळापाशी जाऊन रडले आणि मग पुन्हा वॉर्डात गेले. अक्का, चूक तुझी एकटीची नाही. मागचं फाटक मीच शोधून काढलं होतं.

तुझी,
महानंदा

*

निपाणी
६ ऑक्टोबर १९९७

चि. भाग्यलक्ष्मीस,
आईचे आशीर्वाद. ते पुढच्या मजकुरानंतरही कायम आहेत.

घरात घट बसलेत म्हणून मला तुमच्याबरोबर येता आलं नाही. तुझं पत्र मी शाळेत, ह्यांच्या खोलीचं दार लावून वाचलं. घरी आल्यावर तुला काही बोलायला तोंड उघडायची आणि भाजी चिरायला बसायची, असे दोन आठवडे काढले. काल शेजारी ह्यांचा फोन आला. तपासणी झाली, रिपोर्ट गुरुवारी. हे पत्र पोचेतो तो तुमच्या हाती आलाही असेल. म्हणूनच मला आज लिहायचं आहे, तो कळायच्या आधी. रिपोर्ट काहीही येवो, माझं म्हणणं हेच.

कार्टे, ती बरणी माझ्या आईची होती! लग्नात मला पाठवणीबरोबर दिली, वीस वर्षं मी तिला टवका उडू दिला नव्हता. तू ती मुद्दाम पाडलीस? तुकडे परसात पुरले आणि तिथं बसून ओक्साबोक्शी रडले मी. तुला दिसू नये म्हणून तोंडात पदर कोंबला. आणि सात वर्षं आईबापाला फसवून गप्प बसलीस, ही अक्कल कुणी शिकवली? गणितात एकतीस? मास्तराची मुलगी ना तू? ह्यांना शाळेत मान वर करता येईना. दुसऱ्याची पत्रं फोडण्याची खोड आजपासून बंद. फोडलीस तर पाठीत धपाटा घालीन.

मला राग यायचा गं, भागू. रोज यायचा. पण पाठीत सुई टोचताना माझा हात धरून आई, आता मी शहाणी वागेन म्हणालेली सहा वर्षांची तू आठवायचीस आणि राग गिळला जायचा. आजार म्हणजे शिक्षा वाटली होती तुला. त्यावर आणखी मी कशी रागवू? त्याचा अर्थ तू असा लावशील, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. चुकलं माझं.

येताना तिथल्या चिकपेटेच्या बाजारातून चिनीमातीची मोठी बरणी आण. मावशीला पाठवू नकोस, स्वतः हिंडून, वाजवून, झाकण बसवून बघून आण. प्रवासात फुटली तर घरात पाऊल ठेवायचं नाही. वैशाखात कैऱ्या येतील तेव्हा या वेळी लोणचं तू घालायचंस, मी शेजारी बसून ओरडणार आहे. पुरतं मुरायला त्याला वर्ष लागतं आणि आपल्या घरी जिनं घातलं तिनंच झाकण उघडायचं असतं. तेव्हा मीठ नीट बघून घाल.

भरपूर रागासह,
तुझी आई