हजार-हजार ओळींनी काढलेली हजेरी

बाबा, तलावाच्या मच्छीमार संस्थेत जुना कम्प्युटर आला, सात हजारांत. दीडशेचा पेनड्राईव्ह मी घासाघीस करून आणला. तुमच्या वेळच्या रजिस्टरांपासून सगळी हजेरी त्यात चढवली आहे, कोण कोणत्या दिवशी जाळ्यावर होतं ते. लिहिणं माझ्याकडेच आहे. सोमवारी ती फाईल चामोर्शीच्या कचेरीत द्यायची होती. ज्याची हजेरी तुटलेली दिसेल, त्याचा तलावावरचा हक्क जाणार.

हजेरीचं सारं टेबल, म्हणजे तो मोठा तक्ता, एकदम फाईलीत काढायला गेले, तर मेमरी भरून यंत्र हँग झालं. देवाचं नाव घेऊन परत लावलं, परत तेच. दुकानदार म्हणाला, मेमरी वाढवा, दोन हजार लागतील. मी नागपूरला लेकीला फोन लावला. ती हसलीच. "आई, ताटातला सारा भात एकाच घासात कोंबून राह्यली का तू? हजार ओळी उचल, फाईलीत लिही, त्या सोड, मंग पुढच्या हजार घे."

तसं केलं. यंत्र कुठेच अडलं नाही, ओळींची मोजणीही जुळली. तेवढ्यात शेजारची काकू दारात आली. नवरा गेल्यावर तीच जाळ्यावर जाते. "बाई, माह्यं नाव पाय ना एकडाव." पाहिलं, तर तिची मधली कित्येक वर्षं नव्हतीच, दुसऱ्या कोणाच्या ओळी दोनदा आल्या होत्या. "क्रम लावला नाईस ना?" परत फोन लावला तर लेक म्हणाली. "क्रम नसला त यंत्र कुठूनबी उचलते. ओळीच्या नंबरानं लाव, अन् शेवटच्या नंबराच्या पुढून घे."

मला तलावाची पाळ आठवली. मासळीचे वाटे मांडलेत, तुम्ही रजिस्टरात नावावर बोट ठेवून एकेकाला हाक मारता. मी दहा वर्षांची, घरी चला म्हणून तुमचा हात ओढते. बोट सुटतं, एक नाव गळतं, आणि ती बाई रिकामी टोपली घेऊन उभी राहते. "काऊन भाऊ, बाईमाणूस पाहून वाटा गाळला का?" लोक म्हणाले. "माह्याच डोळ्याले दिसलं नाई," म्हणत तुम्ही आपला वाटा तिच्या टोपलीत घातला. मी हात ओढल्याचं कोणाला सांगितलं नाहीत.

नंबरानं काढलेली फाईल सोमवारी गेली, काकूचं एकही वर्ष न सुटता. पण तिनं विचारलं, "पयले काऊन नव्हतं वो?" तर मी म्हटलं, "यंत्र चुकलं."

तिला खरं सांगू का? हे पत्र देवघरात तुमच्या फोटोपाशीच राहणार, ठाऊक आहे मला. तरी उलट टपाली कळवा.