समोरची खोली कामासाठीच राहील

मी, कलावती शांतवन हिवाळे, माहेरची तांडेल, वय एकोणसत्तर, निवृत्त परिचारिका, राहणार डोंबिवली पूर्व, देवाचे स्मरण करून आणि कोणाच्याही दबावाशिवाय, स्वतःच्या मनाने हे मृत्युपत्र लिहीत आहे. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. काळजीचे काही कारण नाही, असे डॉक्टर म्हणतात. हेच वाक्य मी नोकरीभर रुग्णांना सांगत आले, त्यामुळे त्याचा अर्थ मला नीट कळतो. माझी बुद्धी आणि स्मरणशक्ती शाबूत आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. माझे कुटुंब

माझा जन्म ठाण्याच्या खाडीकाठी, कोळीवाड्यात झाला. वडील होडी चालवत. आई मनुबाई बाजारात मासळी विकत असे. मला एकच भाऊ, दामाजी, माझ्यापेक्षा मोठा.

माझे पती कै. शांतवन हिवाळे नगरकडचे, ख्रिस्ती. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रसायनांच्या कारखान्यात कामाला होते. हातावर ॲसिड सांडले म्हणून ते आमच्या रुग्णालयात आले आणि जखम भरल्यावरही ड्रेसिंगच्या निमित्ताने येत राहिले. आमचे लग्न देवळात झाले, म्हणजे आमच्यात चर्चला म्हणतात त्या देवळात. माहेरचे कोणी आले नाही. वडिलांनी मला उंबरा बंद केला आणि दामाजीने त्यांचा शब्द पुढे चालवला.

आम्हाला दोन मुले. मुलगा सुदेश, घोडबंदर रोडला राहतो, ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात आहे. त्याची पत्नी मेघाली. मुलगी दिपिका कल्याणला असते, शाळेत शिकवते.

कलम २. राहते घर आणि समोरची खोली

डोंबिवलीचा दोन खोल्या व स्वयंपाकघराचा हा फ्लॅट पतीच्या पश्चात माझ्या एकटीच्या नावावर आहे. तो मी सुदेश आणि दिपिका यांना समसमान देते. मात्र एका अटीवर. दारातून आत आल्यावर लागणारी समोरची खोली भाषांतराच्या कामासाठी वापरली जाते, ती तशीच वापरू द्यावी. कोळीवाड्याच्या बोलीतला बायबलचा नवा करार छापून लोकांच्या हातात पडेपर्यंत तिथले टेबल, कपाट आणि खुर्च्या कोणी हलवू नयेत. इमारत पुनर्विकासाला गेली, तर बिल्डर जे भाडे देईल त्यातून तेवढीच एक खोली घ्यावी. दिवा स्टेशनजवळ मिळाली तरी चालेल, फक्त पाणी किती वेळ येते ते आधी विचारावे.

ही अट मुलांना जाचक वाटेल, म्हणून तिच्यामागची हकीकत लिहिते.

वडिलांनी तोडले तरी आईने मला तोडले नाही. बाजार आटोपला की ती कधी कधी सुकट बांधून डोंबिवलीला येई, स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसे आणि संध्याकाळच्या आत परत जाई. एका नाताळात ती आमच्याबरोबर देवळात आली. येशूच्या जन्माची गोष्ट वाचली गेली. बाहेर पडल्यावर शांतवनने विचारले, "आई, कसं वाटलं?"

आई म्हणाली, "वाचला बरा. पन कचेरीतली नोटीस वाचल्यासारखा वाटला."

मी हसले. शांतवन हसला नाही. मराठी बायबल त्याच्या आजोबांपासून घरात होते, ते त्याला तोंडपाठ होते, आणि त्याच शब्दांपाशी माझी आई परकी पाहुणी म्हणून बसली होती. ते त्याला लागले. पुढे निवृत्त झाल्यावर त्याने चर्चच्या मंडळीत बायबल कोळी बोलीत आणण्याचा विषय काढला. वर्ष-दोन वर्षांनी समिती झाली. क्षिप्रा उजागरे नावाची भाषाशास्त्र शिकलेली मुलगी कामाला मिळाली, पण जागा मिळेना. शांतवनने आमची समोरची खोली रिकामी केली. मला विचारले ते सोफा उचलून झाल्यावर. तो सोफा नंतर गॅलरीत पावसात कुजला, याची नोंद इथे करून ठेवते.

तेव्हापासून त्या खोलीत काम चालते. मी चहा केला, पोळ्या लाटल्या, आणि माझ्या तोंडून बोली जेवढी निघेल तेवढी दिली. पण लवकरच लक्षात आले की माझी बोली डोंबिवलीत राहून धुवून निघाली आहे. क्षिप्रा विचारायची, "काकू, याला तुमच्याकडे काय म्हणतात?" आणि शब्द जिभेवर येऊन पुन्हा आत जायचा.

"कोळीवाड्यातच राहिलेलं, गोष्टी सांगणारं कोणी आहे का?" तिने एकदा विचारले.

असा माणूस एकच होता, आणि त्याच्याशी मी बोलत नव्हते.

कलम ३. माझा भाऊ दामाजी

आई गेली ती श्रावणात. मला कळले ते तिला अग्नी देऊन झाल्यावर, आणि तेही मासळीबाजारातल्या एका बाईकडून. दामाजीने निरोप धाडला नाही. लग्नाचे मी विसरले असते. हे मात्र मी विसरणार नाही, असे त्या दिवशी ठरवले आणि बरीच वर्षे पाळलेही.

शांतवनने मला कधी आग्रह केला नाही. क्षिप्राने प्रश्न विचारला त्या आठवड्यात तो फक्त एवढेच म्हणाला, "तुझ्या आईला समजेल असं काम व्हावं, एवढंच मला हवं होतं. ती नाही. पण तिच्यासारखं बोलणारा आहे." दुसऱ्या दिवशी मी ठाण्याला गेले. दामाजी अंगणात जाळे विणत बसला होता. मी उंबऱ्याबाहेरच उभी राहून कामाचे सांगितले. तो बराच वेळ गाठी मारत राहिला. मग वहिनीला म्हणाला, "कलूला पानी दे." आणि मला म्हणाला, "आत ये. भायेर कोन उबा रवतं?"

तो पहिल्यांदा डोंबिवलीला आला, त्या दिवशी वादळाची गोष्ट चालली होती. येशू दमून होडीत उशाला उशी घेऊन झोपला आहे आणि लाटा आत येत आहेत. क्षिप्राने कच्चा मजकूर वाचला. दामाजीने हात वर केला.

"उशी कोन नेतं होरीत? मना पटत नाय. काढून टाक."

क्षिप्राने समजावले की मूळ ग्रीक मजकुरात उशी आहे, तिला ती काढण्याचा अधिकार नाही, तसा कोणालाच नाही. दामाजीने तिच्याकडे पाहिले. त्याला हे आवडले असावे. गोष्ट सांगताना पदरचे घालू नये आणि आहे ते गाळू नये, हा त्याचाही नियम होता.

"मंग रव दे," तो म्हणाला. "दमलेला आसंल. आयस पन आशीच निजायची. टोपलीला डोका लावून."

क्षिप्रा उठून चहा बघायला गेली, चहा टेबलावरच होता तरी. मी विचारले, "दादा, मला का नाही कळवलंस?"

तो म्हणाला, "फोन कराला गेलू होतू. बूथवर उबा रवलू. नंबर नाय लावला. गावाला भ्यालू."

शांतवन तिथेच बसला होता. तो उठला आणि दामाजीच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसला. क्षिप्रा परत आल्यावर आम्ही चौघांनी मिळून उरलेले वादळ संपवले.

पुढे दामाजी नेमाने येऊ लागला. साहजिकच कोळीवाड्यात कुजबुज झाली की तांडेल धर्म बदलतो आहे. पंचांनी बोलावून विचारले. त्याने सांगितले, "मी देव बदलाला जात नाय. आपली बोली लिवाला जातंय." तो आजही एकवीरेच्या पालखीला जातो. मी आजही रविवारी देवळात जाते. माझ्या मंडळीतल्या ज्या दोघा-तिघांना त्याचा बाप्तिस्मा कधी होणार याची घाई आहे, त्यांना माझे लेखी सांगणे आहे की त्यांनी माझ्या भावाला छळू नये. माझी प्रार्थना माझ्याजवळ आहे, ती देव ऐकेल तशी ऐकेल.

कोळीवाड्यातल्या वडिलार्जित घरातला माझा हिस्सा मी नोंदणीकृत हक्कसोडपत्राने दामाजीला याआधीच दिला आहे. तो या मृत्युपत्राचा भाग नाही.

माझ्या मृत्यूची बातमी सर्वांत आधी दामाजीला कळवावी. तो येईपर्यंत दफन थांबवावे, आणि माती देताना चर्चचे पाळक व मुले यांच्याबरोबर त्याला उभे करावे. कोणाला हे खटकले तर त्याने लांब उभे राहावे.

कलम ४. सुदेशसाठी

सुदेशने देवळात येणे कॉलेजात असतानाच सोडले. शांतवनला त्याचे दुःख होते. मलाही आहे, पण मी ते रोजच्या जेवणात वाढले नाही. वडील गेल्यावर सुदेशने आग्रह धरला की हे घर विकून मी घोडबंदर रोडला यावे. आमचे कडाक्याचे भांडण झाले.

"आई, हे घर आहे की ऑफिस? बाबा गेले, आता कुणासाठी चालू ठेवायचं हे?"

मी म्हटले, "तू एकदा येऊन ऐक. मग बोल."

तो आला तेव्हा दामाजीच्या आवाजात ध्वनिमुद्रण करण्याचा प्रयत्न चालला होता आणि खालून रिक्षांचे हॉर्न येत होते. सुदेश पाच मिनिटे ऐकत उभा राहिला, तोंड वाकडे करून. मग म्हणाला, "अरे, असं कोण रेकॉर्ड करतं? मामा, थांबा जरा." त्याने माझ्या सगळ्या गोधड्या काढल्या, आतल्या खोलीतल्या कपाटाच्या दारांवर टांगल्या, दामाजीला मध्ये बसवले आणि स्वतः पंखा बंद करून घामाघूम होत माइक धरला. त्यानंतर शनिवारी-रविवारी तो येत राहिला. देवासाठी येत नाही, असे त्याने मला स्पष्ट सांगितले आहे. मी विचारले नव्हते.

येशूची गोष्ट सांगणारी मार्क आणि लूक यांची शुभवर्तमाने अशी कपाटात बसून ध्वनिमुद्रित झाली. गेल्या होळीच्या आधी दामाजीच्या अंगणात लोकांना ऐकवली. बायका मासळी साफ करत होत्या. शेवंती तांडेल, आमची चुलत भावजय, कान देऊन ऐकत होती. ती म्हणाली, "यो तं आपलाच कोन बोलतंय." दामाजी शेजारीच बसला होता, तरी तिने आवाज ओळखला नव्हता. ती गोष्टीतल्या येशूबद्दल बोलत होती. मी सुदेशकडे पाहिले. तो फोनचा आवाज वाढवण्यात गुंतल्याचे दाखवत होता.

ध्वनिमुद्रणाचे सर्व साहित्य आणि शांतवनचे मनगटी घड्याळ मी सुदेशला देते. देवळात जाण्याची अट त्यावर नाही. त्या गोधड्याही त्यालाच द्याव्यात.

कलम ५. इतर वस्तू

बँकेतील ठेवीचे तीन भाग करावेत. एक सुदेशचा, एक दिपिकाचा, एक भाषांतर समितीचा. दागिने दिपिकाला. आईची मासळी कापायची विळी मेघालीला. ती लातूरकडची, लग्न होऊन आली तेव्हा बोंबील पाहून स्वयंपाकघराबाहेर पळाली होती. आता माझ्यापेक्षा स्वच्छ कापते. विळीची धार दामाजीकडून लावून घ्यावी, दुकानात देऊ नये.

शांतवनची बायबले, त्याने शाईने खुणा केलेल्या प्रतीसकट, क्षिप्राला. तिचे लग्न ठरत नाही म्हणून तिच्या आईने मला बरेचदा बोल लावले, की तुमच्या खोलीत मुलीची वर्षे गेली. याचे उत्तर क्षिप्राकडे आहे, ते तिने आईला द्यावे.

दारातले चपलांचे लाकडी कपाट सोसायटीचे सेक्रेटरी श्री. आगाशे यांना. जिन्यात भाषांतरवाल्यांच्या चपला पडतात, अशी तक्रार त्यांनी सर्वसाधारण सभेत माझे नाव घेऊन केली होती. कपाट मी त्यानंतर घेतले. ते सागवानी आहे आणि त्यांच्या घरी पाहुणे फारसे येत नाहीत, त्यामुळे टिकेल.

कलम ६. अंमलबजावणी

या मृत्युपत्राची अंमलबजावणी दिपिकाने करावी. ती भावाला घाबरत नाही आणि मलाही कधी घाबरली नाही. घरात मी भाषांतराला जास्त वेळ दिला आणि तिच्या बाळंतपणात कमी, असे ती म्हणते. ऑपरेशनहून परत आले तर पुढचा महिनाभर मी कल्याणला तिच्याकडे राहणार आहे, हे ठरले आहे. समोरच्या खोलीची एक किल्ली तिच्याकडे व एक क्षिप्राकडे राहील. नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचे काम निम्मे झाले आहे. माझ्या ऑपरेशनच्या दिवशीही ते थांबवू नये.

साक्षीदारांविषयी एक खुलासा. शांतवनची पितळी कंदिलाची जोडी मी दामाजीला ठेवली होती. वकिलांनी सांगितले की मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, नाहीतर त्याचे मिळणे रद्द होते. मी दामाजीला विचारले, "दादा, कंदील हवेत की सही करतोस?" तो म्हणाला, "सही." म्हणून कंदील दिपिकाला.

वर लिहिलेला सर्व मजकूर मी वाचला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे, आणि खालील दोघांच्या समक्ष मी सही करत आहे.

ठिकाण: डोंबिवली पूर्व
दिनांक: ९ ऑगस्ट २०२५

(सही) कलावती शांतवन हिवाळे

साक्षीदार १: डॉ. ऐश्वर्या पठारे, डोंबिवली. श्रीमती हिवाळे यांना मी आज तपासले. त्या पूर्ण शुद्धीत असून त्यांनी माझ्यासमोर सही केली. (सही)

साक्षीदार २: दामाजी तांडेल, कोळीवाडा, ठाणे. यो मी माजे हातान लिवतंय. कलू माजी भैन. तिनं माजेसमोर सही केली. तिचा डोका जागेवर हाय, पयल्यापासून हाय. मी तिचे भावाचे नात्यान आयलू. (सही)