नारिंगी टोपणाचा वारस

मी, जयवंत कुशाबा घाडीगावकर, वय चौसष्ट, पूर्वीचा गिरणी फिटर, नंतरचा बंदूकधारी पहारेकरी, राहणार घोडपदेव, चाळीचा दुसरा मजला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. भायखळ्याच्या डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही की धमकावलेले नाही. धमकी काय असते ते मला चांगले ठाऊक आहे, कारण जी मी दिलीच नाही तिच्यासाठी मी आत जाऊन आलो आहे.

१. राहती खोली माझ्या पश्चात पत्नी सौ. शेवंती हिची. पोस्टात जे असेल तेही तिचेच. संपाच्या दिवसांत मी गिरणीच्या गेटवर बसत होतो आणि ती बाहेरच्या चाळीस माणसांच्या भाकऱ्या थापत होती. तिला कोणी काही विचारू नये.

२. माझी हत्यारे, म्हणजे पाने, कानशी, हातोड्या आणि व्हाइस, श्री. हेमचंद्र यांना द्यावीत. प्रत्येकावर ४१७ ठोकलेला दिसेल. तो माझा बिल्ला नंबर. खात्यात हत्यारे एकमेकांत मिसळत, म्हणून फिटर आपापला नंबर ठोकून ठेवी. गिरणी गेली, खोड गेली नाही. जे हाताखालून जाईल त्यावर मी ४१७ ठोकत राहिलो. हीच खोड पुढे मला नडली.

३. माझ्या चार एअरसॉफ्ट बंदुकाही हेमचंद्र यांनाच. ज्या सराफाच्या दारात मी सत्तावीस वर्षे दुनळी घेऊन उभा होतो, त्यांचे हे जावई, आणि मला या नादाला लावणारेही हेच. माहीत नसणाऱ्यांसाठी लिहितो. ही बंदूक दिसते हुबेहूब खरी, पण आत स्प्रिंग आणि बॅटरी, आणि बाहेर पडते ती वाटाण्याएवढी प्लास्टिकची गोळी. खोटी आहे हे लांबून कळावे म्हणून नळीच्या टोकाला नारिंगी टोपण. रविवारी शिवडीच्या एका रिकाम्या गोदामात आम्ही दोन बाजू करून खेळायचो. पन्नाशी उलटलेला मी एकटाच. खऱ्या बंदुकीतून सत्तावीस वर्षांत एक गोळी झाडली नाही, नुसता खांदा दुखला. या खोटीने मला पोटभर हसवले.

या खेळात पंच नसतो, आणि गोळीचा डागही पडत नाही. ज्याला लागली त्यानेच हात वर करून "लागली" म्हणायचे आणि बाजूला व्हायचे. दुसऱ्याने ओरडून सांगायचे नाही. हा नियम मला फार आवडला. मागच्या दाराने कामावर जाऊन संध्याकाळी संपाच्या सभेत पुढे बसणारे मी पाहिले होते ना!

४. २०११ च्या गणपतीत माझा धाकटा भाऊ माधव याने मंडळाच्या देखाव्यासाठी माझे एक पिस्तूल आणि खेळातला जाळीचा मुखवटा मागून नेला. म्हणाला, "दादा, विसर्जनाला परत देतो." संपाच्या साली हा सोळा वर्षांचा होता. शेवंतीने स्वतःच्या ताटातली भाकरी मोडून याला वाढली. लग्न केले नाही, आजही आमच्याच पोटमाळ्यावर झोपतो. सख्ख्या भावाला काय खोदून विचारायचे?

देखाव्यात पिस्तूल नव्हतेच. त्याने टोपण काढले, मुखवटा चढवला आणि भरदुपारी तळमजल्यावर गुणवंतीबाईंच्या खोलीत शिरला. बाई भायखळ्याला मासे विकतात. चाळ पाडून टॉवर बांधायच्या कागदावर त्या अंगठा देत नव्हत्या, आणि माधवची बिल्डरच्या माणसांत ऊठबस. पिस्तूल कपाळाला लावून त्याने अंगठा घेतला. पळताना ते हातातून निसटून तिथेच पडले. पोलिसांनी उलटे करून पाहिले तर ४१७. चाळीत तो नंबर शेंबड्या पोराला माहीत!

मला नेले तेव्हा माधव गॅलरीत उभा होता. हवालदाराने विचारले तर म्हणाला, "दादाला बंदुकांचा नाद आहेच. आम्ही काय बोलणार?"

तीन दिवस कोठडी, चार वर्षे कोर्ट. तपासणीत ते खेळणे ठरले, मुखवट्यामागचा चेहरा कोणी पाहिलेला नव्हता, म्हणून मी निर्दोष सुटलो. पण खऱ्या बंदुकीचा परवाना आणि नोकरी पहिल्याच आठवड्यात गेली. टॉवरही झाला नाही. गुणवंतीबाई आठ वर्षे मला पाहून तोंड फिरवतात.

कोठडीतून आलो त्या दिवशी शेवंतीने टोपण हातावर ठेवले. माधवच्या पँटीच्या खिशात सापडले होते, धुताना. रडत म्हणाली, "पोलिसांना दाखवा हो!" मी म्हटले, "लागली ते त्याला कळलंय. हात तोच वर करील." चूक म्हणाल तर माझी एवढीच. गोदामातला नियम मी घरात आणला.

आठ वर्षे हा माझ्या शेजारी बसून जेवतो, "वहिनी, आमटी वाढ" म्हणतो. मेल्या, कोर्टात मी तुझ्याकडे एकदाच पाहिलं होतं रे. तू मोबाइल बघत होतास.

५. शेवंतीच्या पश्चात खोली माधवची. बिनशर्त. वकील म्हणाले, "अट घाला, गुन्हा कबूल केला तरच मिळेल." मी नको म्हटले. खोलीसाठी वर केलेला हात मला नको. सोबत ते नारिंगी टोपणही त्यालाच द्यावे. शेवंतीच्या कुंकवाच्या डब्यात आहे.

६. मंडळाने माझा श्रद्धांजलीचा फलक लावू नये. आठ वर्षे आरतीला हाक मारली नाही, आता हार कशाला?

वरील मजकूर मी शुद्धीवर, राजीखुशीने लिहिला आणि सही केली.

जयवंत कुशाबा घाडीगावकर
घोडपदेव, मुंबई. रविवार, २२ सप्टेंबर २०१९

साक्षीदार:
१. रामदास विठोबा मयेकर, वकील (सही)
२. गुणवंती हरेश्वर कोळी (डाव्या हाताचा अंगठा)

टीप, माझ्याच हातची: गुणवंतीबाईंना वाचता येत नाही, म्हणून वकिलांनी सगळा मजकूर त्यांच्या दारात उभे राहून मोठ्याने वाचला. बाईंनी ओले हात लुगड्याला पुसले. मग म्हणाल्या, "आठ वरसं मी चुकीच्या मानसाला बघून तोंड फिरवलं. आना ती शाई."

माधव वर गॅलरीत उभा होता. त्याला शब्द न् शब्द ऐकू गेला. वाचन संपल्यावर मी मान वर करून पाहिले. त्याचे दोन्ही हात कठड्यावरच होते.