खो देणं आणि खो घालणं

माय, गेल्या आठवड्यात मैदानावर एका पोरीनं मला एक साधा प्रश्न विचारला आणि मी तिच्यावर खेकसले. खरं तर ते खेकसणं तुझ्या वाट्याचं होतं. सातवीतली पोरगी, यंदाच शाळेच्या खो-खोच्या संघात आलेली. खेळाच्या ओळीत बसल्या बसल्या म्हणाली, "बाई, टीव्हीत ती काकी सगळ्यांच्या कामात खो घालती म्हणून सगळे तिला शिव्या देतेत. मग आपण एकमेकीला खो का देतो?" बाकीच्या हसल्या. मी तिला गप्प बसवलं. घरी येईपर्यंत स्वतःचाच राग येत होता, आणि घरी आल्यावर तो राग तुझ्याकडं वळला. हा प्रश्न मी तुला विचारायला पाहिजे होता, भोकरच्या घरी, तू भाकरी थापत असताना. तेव्हा तो मला सुचला नाही.

आपल्या स्वयंपाकघराचं दार आणि बैठकीतला टीव्ही एका रेषेत होता. परातीवरून मान वर केली की तुला पडदा दिसायचा. लोडशेडिंगची वेळ आली की तू पीठ झाकून ठेवायचीस आणि शेजारच्या काकूंकडं जायचीस, कारण त्यांच्याकडं इन्व्हर्टर होता. त्या मालिकेत एक सोशिक सून होती आणि तिची थोरली जाऊ होती. जाऊ रोज कुठं ना कुठं खो घालायची. बारशात घालायची, दिराच्या नोकरीत घालायची, पूजेच्या प्रसादात मीठ टाकून तिथंही घालायची. आधी तो शब्द तू टीव्हीपुरता वापरत होतीस. मग तो गल्लीत आला. पलीकडची आपल्या नळात खो घालायची, चुलती वाटणीत खो घालायची. कुणी काही केलं की तुला त्याच्यामागं एक जाऊ उभी दिसायची.

मी मात्र तोच शब्द शाळेच्या मैदानावर शिकत होते. आठ जणी ओळीत बसलेल्या, एक इकडं तोंड करून, एक तिकडं. नववी पाठलाग करती. तिला मागं वळता येत नाही, मधली रेघ ओलांडता येत नाही. दम संपला किंवा समोरची हातातून निसटली, की बसलेल्या एकीच्या पाठीवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, खो. तिनं त्याच क्षणी उठायचं. का, कशाला, असं विचारायचं नाही. आमचे सर सांगायचे, आधी हात लागला पाहिजे, नुसतं लांबून ओरडलं तर फाऊल. पहिल्यांदा माझा श्वास संपला आणि मी पुढच्या पोरीच्या पाठीला हात लावला, तेव्हा ती अशी उठली की मला रडू आलं. घरी येऊन मी ते तुला सांगत होते. तू हातानं मला बाजूला केलंस. मी टीव्हीच्या आड आले होते.

लातूरला विभागीय सामने झाले आणि राज्याच्या संघाच्या शिबिराला माझं नाव आलं. सर स्वतः घरी सांगायला आले. आप्पांनी त्यांना चहा पाजला, त्या दिवशी आप्पा खुशीत होते. त्यानंतरच्या रविवारी अक्काला बघायला निलंग्याची माणसं आली. माझी शाळेची निळी चड्डी अंगणात दोरीवर वाळत होती. मुलाच्या आत्यानं ती बघितली, मग माझ्याकडं बघितलं, आणि तुला विचारलं, ही पोरगी अशीच पळती का गावोगाव. तू माझ्याकडं न बघता म्हणालीस, "न्हाई. बंद केलंय आता तिचं." मी पोह्यांचं ताट धरून तिथंच उभी आहे. कुणी मला विचारलेलं नाही. माझं बंद झालंय हे मला त्या आत्याबरोबरच कळलं.

पाहुणे गेल्यावर मी भांडले. आप्पा बाहेर जाऊन बसले, ते नेहमीच बाहेर जाऊन बसायचे. तू एकच वाक्य बोललीस, तेही मोठ्यानं नाही. "अक्काच्या लग्नात खो घालू नको." बस्स. पंधरा वर्षांची मी, जिला तुझ्या टीव्हीतली जाऊ कशी दिसते तेही धड माहीत नव्हतं, तिला तू एका वाक्यात ती जाऊ करून टाकलंस. दोन दिवसांनी त्या निळ्या चड्डीचं पोतेरं ओट्यावर दिसलं. माय, घरात फाटकी लुगडी कमी होती का? तुला नेमकं तेच कापड सापडलं?

मी ते गिळलं असतं. माझं काय गेलं, एक शिबिर गेलं. पुढं कॉलेजात पुन्हा खेळले, आप्पांनी गुपचूप सही दिली म्हणून खेळाचं शिक्षणही घेतलं. माझा राग अक्कापायी आहे. पहिल्या दिवाळीला ती माहेरी आली ती हातभर बांगड्या घालून, आणि बांगड्या सरकल्या की खाली काळे-निळे वळ. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात तुझ्या मागं येऊन बसली. मी दारात लसूण सोलत होते. तिनं तुझ्या पाठीवर हात ठेवला. खरंच ठेवला, मी बघितलं. म्हणाली, "माय, मला तिकडं पाठवू नको. माझ्यानं व्हईना आता." तू मागं वळलीस, तिचे डोळे पुसलेस, तिला जवळ घेतलंस. एवढं सगळं केलंस. मग म्हणालीस, "आत्ताच तर लग्न झालंय. त्या टीव्हीतल्या सुनंला जावंनं कमी खो घातला का? टिकलीच की ती. शेवटी घर तिचंच झालं."

माय, ती पोरगी काम संपलं की तोंडावरचा रंग पुसून आपल्या घरी जात होती. तिला तिथं घेऊन यायला माणूस होता, पुढं काय होणार ते लिहून देणारा माणूस होता. अक्काला काय होतं? तिचं पुढचं कुणी लिहिलेलं नव्हतं. तिला तू होतीस. एका पोरीला तू खो घालणारी म्हणालीस, आणि दुसरीनं पाठीला हात लावून खो दिला तेव्हा तू बसून राहिलीस. सहा वाजताच्या गाडीनं तिला लावून दिलंस, आणि परत येऊन टीव्ही लावलास. मी तुझ्याशी बोलत नव्हते, पण आवाज मला ऐकू येत होता.

अक्का तिथं कितीतरी वर्षं राहिली. तू गेलीस तेव्हा ती आली, आणि तुझ्या तेराव्यानंतर मी तिला जाऊ दिलं नाही. तिचा नवरा न्यायला आला होता. मी दारात उभी राहिले. तो आप्पांकडं बघत राहिला, आणि आप्पा त्या दिवशी बाहेर गेले नाहीत. "पोरगी आता हितंच ऱ्हाईल," एवढंच म्हणाले. तेवढं बोलायला फार काही लागत नाही, हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्यामुळं तुझ्यावरचा राग आणखी वाढला.

आता अक्का लातूरला माझ्याजवळ असते. मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक बघते. तुझा फोटो तिनंच भिंतीवर लावला, दर अमावस्येला पुसते. गेल्या आठवड्यात त्या पोरीच्या प्रश्नाचं मी तिला सांगत होते, आणि सांगता सांगता तुला नाही नाही ते बोलून गेले. अक्का पोळ्या लाटत होती. शांतपणे म्हणाली, माय आली होती की निलंग्याला. मी म्हणाले, कधी? मग तिनं सांगितलं. आमच्या दोघींच्या आयुष्यात नांदेडलासुद्धा एकटी न गेलेली तू, एकदा गाड्या बदलत बदलत निलंग्याला पोचलीस. दुपारभर स्टँडवर बसलीस. अक्काच्या शेजारची बाई, लग्नात बघितलेली, लातूरच्या गाडीतून उतरली, तिच्याजवळ धपाट्यांची आणि चटणीची पिशवी दिलीस, सासरच्यांना सांगू नको म्हणालीस, आणि परतीच्या गाडीत बसलीस. अक्कानं ते धपाटे न्हाणीघरात उभं राहून खाल्ले.

मी विचारलं, घरापर्यंत का आली नाही? अक्का म्हणाली, "घरात आली असती तर मला बघावं लागलं असतं. बघितलं असतं तर घेऊन जावं लागलं असतं." आणि हे सांगताना तिच्या तोंडावर तुझ्याबद्दल माया होती. तिला तेवढं पुरलं. मला पुरत नाही, माय. तू येऊन गेलीस हे कळल्यापासून मला झोप नीट लागत नाही. आधी मी समजत होते, तुला कळलंच नाही, टीव्हीनं तुझं डोकं फिरवलं. तुला कळलं होतं. तू स्टँडपर्यंत उठून आली होतीस आणि तिथून परत गेलीस.

काल सामन्यांसाठी पोरींना घेऊन मी निलंग्याला गेले होते. हरलो. परतीच्या गाडीला वेळ होता, पोरी उसाचा रस प्यायला पळाल्या. मी स्टँडवर फिरून आले. बाकं सगळी नवीन आहेत, तू कुठं बसली असशील ते कळायला मार्ग नव्हता. अक्काचं सासर किती जवळ आहे ते बघितलं, तिच्या गल्लीपर्यंत चालत फार तर दहा मिनिटं. पायसुद्धा दुखला नसता तुझा. मग मी एका बाकावर बसले. पोरी आल्या, गाडी लागली, चला म्हणाल्या. मी उठेना, तेव्हा एकीनं विचारलं, बाई, कुणी यायचंय का?

हे पत्र कुठं टाकायचं नाही, अक्कालाही दाखवायचं नाही, म्हणून एवढं एक लिहून ठेवते. मी त्या पोरीला म्हणाले, माझी आई आली होती इथं एकदा. आणि म्हणताना माझ्या आवाजात राग नव्हता.