दुसरा धडा

३ जानेवारी

ती. वन्संना शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र पोचले. आमचे बाइंडरसाहेब, म्हणजे आपले लाडके धाकटे बंधू, चार दिवसांपासून इन्फ्लुएंझाने आडवे आहेत आणि शाळेच्या वह्यांचे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या कागदांचे जुडगे, शिवायला मी एकटी. ताप चढला की जगातले सारे आजार आपल्यालाच झाले, असे त्यांना वाटते. काल तर खळीची बादली झाकून ठेवत जा, हे शेवटची इच्छा असल्यासारख्या आवाजात सांगितले.

आता माझी शंका. विषाणू नाकाघशात शिरतो म्हणतात. मग यांच्या पोटऱ्या का दुखतात? मी विचारले तर म्हणाले, आजाऱ्याला प्रश्न विचारू नयेत. आपण कॉलेजात शरीरशास्त्र शिकवता. मला आमच्या कामाच्या भाषेत समजावा. सोपे करून नको, नीट करून हवे.

माया आहेच, ती कमी होऊ देऊ नये.

आपली भावजय


८ जानेवारी

चि. सौ. प्रश्नचिन्हास अनेक आशीर्वाद.

माझ्या वर्गातल्या साठ मुलांत असे विचारणारे एकही डोके नाही, म्हणून तुझे पत्र मी दोनदा वाचले. क्रमाने जाऊ.

श्वासनळीचे अस्तर असंख्य पेशींचे असते. प्रत्येक पेशी म्हणजे तुमच्यासारखा एक कारखाना समज. या विषाणूकडे स्वतःचा कारखाना नाही. आहेत फक्त मोजून आठ फर्मे. ते तो पेशीच्या कामाच्या ढिगात सरकवतो आणि पेशी आपलेच काम समजून त्यांच्या प्रती काढत सुटते. आता गंमत बघ. परका कागद तू डोळे मिटून बोटांनी ओळखतेस ना? पेशीलाही तशी बोटे असतात. हा माल आपला नव्हे, हे कळताच ती शेजारणींच्या भिंती ठोठावते. त्या ठोठावण्याचे नाव इंटरफेरॉन. शेजारणी सावध होतात आणि आपापली यंत्रे मंदावतात, म्हणजे विषाणू आत आलाच तरी त्याला प्रती मिळू नयेत. तोही काही कमी बेरकी नाही. ठोठावणारा हातच धरून ठेवण्याची युक्ती त्याच्यापाशी आहे. तरी हाक फुटतेच. मग रक्तातून पांढऱ्या पेशी धावून येतात. काही विषाणूंना गिळतात, तर काही बिघडलेल्या पेशीलाच कायमचे टाळे ठोकतात.

ही आपली जन्मजात फौज. शत्रूशी ओळखपाळख नसताना ती लढते. त्याला नेमके हेरणारी दुसरी फौज तयार व्हायला आठवडा लागतो. तोवर किल्ला हिनेच लढवायचा. या धावपळीचे निरोप रक्तातून अंगभर जातात; त्यांनी स्नायू ठणकतात आणि मेंदू अंगाची भट्टी पेटवतो. म्हणजे ताप काय किंवा पोटरीतली कळ काय, ही थेट विषाणूची करणी नव्हे, आपल्याच माणसांची आहे! म्हणून तापाला घाबरू नये. पहारा जागा आहे, असे समजावे.

याला दुसरी बाजूही आहे. पण माझा नियम तुला ठाऊक आहे: पहिला धडा पचल्याशिवाय दुसरा नाही. तो पुढच्या पत्रात.

धाकट्याला सांग, बादली झाकली जाते आहे, आता निवांत बरा हो.

तुझी वन्सं


१४ जानेवारी

ती. वन्संना शि. सा. न. वि. वि.

आपला धडा मी मोठ्याने वाचला. हे उठून बसून ऐकत होते. बरे झाले आहेत आणि त्याचे सगळे श्रेय आपल्या पत्राला देतात. माझ्या काढ्याला नाही.

आता आडवे व्हायची पाळी माझी. आज तापाचा चौथा दिवस. हे सारखे डॉक्टर डॉक्टर करतात. मी म्हणते, पहारा जागा आहे, त्याला त्याचे काम करू द्या.

एक मात्र विचारायचे आहे. कालपासून कारखान्याचा जिना चढताना मध्येच थांबावे लागते. दाभणात दोरा ओवला तरी धाप लागते. हेही पहारेकऱ्यांचेच काम का? की फार उत्साही पहारेकरी चोराला धरताना घरच मोडून ठेवतात? दुसरा धडा लवकर पाठवावा. अक्षर वेडेवाकडे आले आहे, हसू नये.

आपले प्रश्नचिन्ह


१८ जानेवारी

चि. सौ. प्रश्नचिन्हास,

हे वाचत बसू नकोस. आधी डॉक्टरांकडे जा. धाकट्याला तारही केली आहे.

तुझी शंका बरोबर आहे. कधी कधी पहारा आवरत नाही. लढाईचे पाणी फुप्फुसांच्या इवल्या फुग्यांत साचते आणि हवेला जागा उरत नाही. कधी त्याच संधीने दुसरे जंतूही आत घुसतात. ताप ही पहारा जागा असल्याची खूण. धाप ही पहारा हाताबाहेर गेल्याची. धाप लागली की एक तासही थांबायचे नसते. हे मी पहिल्या पत्राच्या पहिल्याच ओळीत लिहायला हवे होते.

पोचल्याचे लगेच कळव.

तुझी वन्सं


२२ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

ती गेली. सतराला संध्याकाळी, रुग्णालयात. हे एवढे लिहायला मला पाच दिवस लागले.

तुझी तार आली तेव्हा आम्ही तिला निरोप देऊन नुकतेच परतलो होतो. पत्र काल आले. वर तिचे नाव होते, म्हणून उघडायला हात धजावेना. मग उघडले.

सोळाला सकाळी तिचे ओठ निळसर दिसले, तेव्हा मी तिला उचलूनच नेले. शेवटपर्यंत शुद्धीवर होती. नळी लावणाऱ्या नर्सबाईंना तिने खुणेने विचारले, हे कशासाठी.

अर्धी शिवलेली वही तशीच शिवणाच्या चौकटीवर आहे. दोरा कापवत नाही.

तुझा धाकटा


२७ जानेवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझे सांत्वन कोणत्या तोंडाने करू? एकच विचारते आणि खरे उत्तर मागते. माझे मन राखण्यासाठी खोटे लिहिशील, तर ते मला ओळखू येईल, लहानपणापासून येते.

ती माझ्या पत्रामुळे थांबली का?

तीस वर्षे मी एका वेळी एक धडा शिकवत आले. वर्गात दुसरा धडा दुसऱ्या दिवशी येतो आणि मधल्या रात्रीत कोणी मरत नाही. घरी लिहितानाही मी फळ्यासमोरच उभी होते. तिच्या प्रश्नाने मी इतकी हरखले होते, की तुझ्या घरात ताप आहे, हेच विसरले.

यापुढे मी कोणाला काही समजावणार नाही. राजीनामा लिहून ठेवला आहे.

ताई


९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

खरे मागितलेस, म्हणून खरे लिहितो. होय, थांबली. चौदाला सकाळी मी डॉक्टरांकडे निघालो होतो. तिने तुझे पत्र पुढे धरले आणि म्हणाली, शिकलेल्या बहिणीचे ऐकत नाही, हे काय भाऊ म्हणायचे. मी घातलेल्या चपला काढून ठेवल्या. त्या मी काढल्या, ताई, तू नाहीस. आदल्या दिवशी ती जिन्यावर थांबली, तेव्हा खालच्या पायरीवर मीच होतो. मी त्याच तापातून उठलो होतो, म्हणून तीही उठेल असे धरून चाललो. डॉक्टरांना विचारले. म्हणाले, दोन दिवस आधी आणले असते तर कदाचित. कदाचित, एवढेच. ते आपण दोघांनी अर्धे अर्धे वाहायचे.

राजीनामा फाड. ती असती तर तुझ्याशी अबोला धरला असता. तिच्या उशाखाली एक कागद सापडला; तुला विचारायच्या शंका आहेत, अकरा. शेवटची अर्धवट आहे. त्यांची उत्तरे कोणी द्यायची?

चौकटीवरची वही मी सोडवली. तोच दोरा घेऊन तुमची पत्रे बांधली, तिची आणि तुझी. आयुष्यात मी फर्म्यांचा क्रम कधी चुकवला नाही. या एका बांधणीत मुद्दाम चुकवला आहे: तुझे अठरा तारखेचे पत्र सर्वांत पुढे लावले आहे. शेवटी कोरी पाने सोडली आहेत, अकरा.

ती भरायला ये. जिना चढताना सावकाश चढ.

तुझा धाकटा