वाकळीत आणलेली गिटार

पासली, ता. १२ डिसेंबर १९३७

आज रविवार. शाळा नव्हती. सकाळी धुणे धुतले, दुपारी भात केला.

सोनबा मेव्हणे यांस सावळारामाचा रामराम. आईंच्या पायांवर डोके ठेवतो. त्यांचा गुडघा आता कसा आहे? मी बरा आहे.

मास्तरांनी दुसरी बायको केली, असे आमच्या गावचा गेनू तुम्हाला सांगेल. (तो उद्या शिवऱ्याला निघाला आहे, आणि टपालाआधी पोचतो.) तसे काही नाही. मी गिटार घेतली.

काल भोरला जलालभाईंच्या जुन्या सामानाच्या दुकानात ती खुंटीला टांगलेली होती. (तारांचे विलायती वाद्य आहे. तंबोऱ्याहून आखूड, कमरेत बारीक.) वेळ जावा म्हणून घेतली. सहा तारांपैकी एक नव्हती. तसे म्हटल्यावर जलालभाई म्हणाले, "मास्तर, शिकाऊ माणसाला पाच लई झाल्या."

येताना गाडी फार हादरत होती. म्हणून थंडीसाठी बरोबर नेलेल्या वाकळीत (तुमच्या बहिणीने स्वतःच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली, हिरवी) तिला गुंडाळून शेजारी बसवले, आणि आदळू नये म्हणून भोवती हात धरला. गावात शिरताना तिन्हीसांज झाली होती. शेजारच्या ठकुबाईंनी लांबून पाहिले आणि मी दारात पोचेतो त्या भाकरतुकडा नि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. मागे आळीतल्या सगळ्या बाया.

"उतर गं पोरी, लाजू नगंस," त्या म्हणाल्या. मग मला, "मास्तर, हात तरी सोडा! आमी काय खातो व्हय तिला?"

मी वाकळ काढली. ठकुबाई वाकून म्हणाल्या, "आगं बया! हिच्या तर पोटालाच भोक."

तुकडा घरी न्या, असे मी म्हटले. पण नवरीवरून ओवाळायला आणलेला तुकडा माघारी नेत नाहीत म्हणे. त्यांनी तो गिटारवरून ओवाळून टाकला. डोळ्यांना पाणी लावायचे, तर डोळे सापडेनात. म्हणून तारा पिळायच्या खुंट्यांना लावले. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. मीही हसलो. तुमच्या बहिणीला याच उंबऱ्यावर थांबवले होते, तेव्हा ती खाली पाहून हसली होती.

तेव्हा गेनूचे ऐकू नये. तिच्या वर्षश्राद्धाला सर्वांनी यावे.

आपला,
सावळाराम

ता. क. हा मजकूर आईंना वाचून दाखवू नये. वेळ जाण्यासाठी घेतली, हे खरे नाही. तुमची बहीण पहाटे दळताना एक चाल म्हणायची, ती तारेवर काढायची आहे. जात्यात मूठ टाकायला ती थांबायची, तिथपर्यंत मला येते. पुढचे मी रोज झोपेत ऐकले. चाल आईंची आहे. त्यांना दोन दिवस इकडे पाठवा. गायला बोलावले असे सांगू नका, त्या येणार नाहीत. मास्तरांकडे दळण पडले आहे एवढेच सांगा.

दुसरा ता. क. दळण पडलेले नाही. पीठ ठकुबाई देतात. नाचणी उद्या आणतो. आता पाकीट चिकटवून जात्यावर ठेवलेली शाळेची पुस्तके खाली काढतो आणि जाते पुसून घेतो.