सहावं टोपण

छत्रपती संभाजीनगर,
सोमवार, २ फेब्रुवारी २०२६

चि. सायलीस,

अनेक आशीर्वाद. यापुढे 'इकडे सर्व ठीक' असं लिहायची पद्धत आहे. ते वाक्य गाळते, कारण ठीक नाही. माझा गुडघा मात्र बरा आहे. तू वेळेवर जेवत असशील, असं धरून चालते.

माझा आणि कारखान्यातल्या याह्याचा फोन तू घेत नाहीस, म्हणून पुण्याला तुझ्या मैत्रिणीच्या, तनुजाच्या पत्त्यावर कुरिअरने लिहिते आहे. फोन मध्येच तोडता येतो. पत्र फाडता येतं, पण तोपर्यंत निम्मं वाचून झालेलं असतं.

आता कामाचं. नागपूरच्या धम्मपालांनी त्यांच्या पेंटबॉल मार्करचं टोपण परत पाठवलं. चार महिने वाट पाहून मिळालेली वस्तू, तरी चिठ्ठीत एक वाकडा शब्द नाही. लिहितात, 'मॅडम, रंग छान, नक्षी छान. पण तिसऱ्यांदा बसवताना आटे मेणासारखे लागले. हे मी माझ्या मुलाच्या मार्करला लावणार नाही.' याह्याने ते टोपण भिंगाखाली धरलं आणि खुर्चीत बसला. मग मी विचारलं तेव्हा तुमचं शनिवारचं भांडण कशावरून झालं ते त्याने सांगितलं. मला तोवर फक्त शटर आपटल्याचा आवाज माहीत होता.

मला समजलं ते असं. अॅल्युमिनियमच्या रॉडचं एक तोंड रंगवलेलं येतं. त्या रंगावरून कठीण कुठला आणि मऊ कुठला ते कळतं. म्हणून कापायला सुरुवात नेहमी बिनरंगाच्या बाजूने करायची, म्हणजे शेवटच्या तुकड्यापर्यंत ओळख टिकते. तू घाईत रंगाच्या बाजूने कापलंस. उरलेला रॉड ओळख नसलेला झाला, नावाच्या पाट्या करतो त्या मऊ रॉडांत मिसळला, आणि त्या ढिगातून ही टोपणं झाली. वरून रंग चढल्यावर कुठलं कशाचं, ते दिसत नाही. हातात आल्याशिवाय तपासता येत नाही.

चूक कुणाकडूनही होते. त्याबद्दल मी बोलत नाही. हे टोपण मार्करच्या मागच्या टोकाला बसून आतल्या हवेचा दाब अडवतं, आणि नेम धरला की बरोबर गालासमोर येतं. पेंटबॉल म्हणजे रंगाच्या गोळ्यांची गंमत असं मी म्हटलं होतं तेव्हा तूच मला तासभर शिकवलं होतंस. 'बंदूक' म्हटलं तरी चिडायचीस, 'मार्कर म्हण' म्हणून.

याह्या म्हणतो, सगळी परत मागवू. तू म्हणतेस, मागवली तर आपल्यासारख्या दोन यंत्रांच्या कारखान्याकडे पुन्हा कुणी फिरकणार नाही. मी दूरध्वनी खात्यात तक्रारींच्या खिडकीवर नोकरी केली आहे. तार तुटली आहे असं ज्याला तोंडावर सांगितलं, तो शिव्या देऊन घरी जायचा. 'लाईन चालू आहे' असं सांगून ज्याला परत पाठवलं, तो दुसऱ्या दिवशी चार माणसं घेऊन यायचा.

म्हणून तुला न विचारता मी गिऱ्हाइकांना फोन केले. नाशिकच्यांनी लगेच पाठवलं. कोल्हापूरच्यांनी आधी माझा उद्धार केला आणि मग पाठवलं. हैदराबादच्या गृहस्थांनी विचारलं, शोकेसमध्ये ठेवलं तर चालेल का. नाही म्हटलं. गावातला सार्थक तेवढा फोन कापतो.

ही झाली पाच. पार्सलं पाचच गेली, मी स्वतः बांधली. पण रंगाला सहा टोपणं गेली होती, असं याह्या सांगतो. सहावं कुणाकडे आहे, ते कळव. एक ओळ पुरे.

तुझ्या टेबलावरची धूळ पुसली. वरची खुंटीही पुसली, रिकामीच होती.

आई
(कामाच्या वेळेत, गिऱ्हाइकांची पत्रं पाहणाऱ्या रत्नमालाबाई)


छत्रपती संभाजीनगर,
शुक्रवार, ६ फेब्रुवारी २०२६

सायली,

आशीर्वाद आहेतच. पत्र पोचल्याची सही तनुजाची आहे, म्हणजे ते तुझ्या हातात पडलं. उत्तर नाही. याह्याची बहीण झेबा उद्या सकाळी परीक्षेसाठी पुण्याला निघते आहे. हे पत्र तिच्याकडे देते. ती तू वाचेपर्यंत समोर बसून राहील. तिला तसं सांगितलं आहे, आणि ती माझं ऐकते.

सार्थककडे काल गेले होते. क्रांती चौकातल्या दुकानात त्याचा भाऊ भेटला. म्हणाला, तो दौलताबादच्या रस्त्याला मैदानावर आहे. रिक्षा केली. जाळीच्या आत पोरांचा सराव चालला होता. मला पाहून सार्थकने मुखवटा वर सरकवला.

"काकू, तुम्ही इथं कुठं?"

"टोपण न्यायला आले."

"तुम्ही लोक लई भारी बघा. दसऱ्याला ऑर्डर घेतली, संक्रांतीला दिलं, आता परत न्यायला आल्या. हे टोपण आहे का माहेरवाशीण?"

पोरं हसली. मी म्हटलं, "नवं करून देऊ."

"कवा? पुढच्या दसऱ्याला?"

त्याचं बोलणं खरं होतं. त्याने टोपण दाखवलं. वर त्याच्या मित्राचं नाव कोरलेलं आहे, गेल्या वर्षी अपघातात गेला त्याचं. हे तुला माहीत असणार, तूच कोरलंस. म्हणून तो सोडायला तयार नव्हता. मी सगळं सांगितलं, रॉडचं, रंगाचं, नागपूरच्या आट्यांचं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला,

"पण सायलीताईंशी माझं बोलणं झालंय की परवा. त्या म्हणल्या, बिनधास्त वापर, काय होत नाय. रविवारी पुण्याच्या मॅचला त्या स्वतः तसलंच लावून खेळणारेत."

मी त्याला पुन्हा सांगायला लावलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं.

म्हणजे आईचा फोन लागत नाही आणि गिऱ्हाइकाचा लागतो. असो.

त्याने मुखवटा खाली ओढला, निशाणाकडे वळला. मी जाऊन त्याच्या पाठीमागे उभी राहिले, टोपणाच्या सरळ रेषेत. पंच धावत आला. "मावशी, मुखवटा तरी घाला, नाहीतर बाहेर व्हा." मी म्हटलं, मी खेळायला आलेली नाही. सार्थक दोन पावलं डावीकडे सरकला, मीही सरकले. तो उजवीकडे गेला, मीही गेले. आता कुणी हसत नव्हतं.

"काकू, बाजूला व्हा ना."

"का? काय होत नाय ना?"

त्याचं बोट घोड्यावर होतं, पण ओढलं नाही. मग त्याने हवेची बाटली काढली, नळी जमिनीकडे करून उरलेली हवा सोडली आणि टोपण फिरवायला लागला. फिरवता फिरवता त्याची बोटं चंदेरी झाली. आट्यांची भुकटी होती. त्याने बोटं चड्डीला पुसली, पुन्हा पाहिली. टोपण माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "नाव तेवढं नीट कोरायला सांगा. अक्षर असंच पाहिजे." पाणी प्यायला दिलं. रिक्षापर्यंत सोडायला आला.

पाच आली. आता तुझ्याविषयी.

सहावं कुणाकडे आहे, हे मी पहिल्या पत्रात विचारलं तेव्हा मला माहीत होतं. जांभळं टोपण तू डिसेंबरातच तुझ्या मार्करला बसवलंस, मला दाखवलंस, मी 'भडक आहे' म्हणाले. शनिवारी तू गेल्यावर वर पाहिलं तर मार्करची खुंटी रिकामी. तरी विचारलं. 'माझ्याकडे आहे' असं तू आपल्या हाताने लिहावंस, असं मला वाटत होतं. आणि लिहिलं नाहीस, तर ते खरं नसेल अशीही एक वेडी आशा होती. चार घरी बेधडक फोन केले. सहाव्या टोपणापुढे तुझं नाव लिहायला मला चार दिवस लागले.

तू ते का लावते आहेस, तेही मला कळतं. याह्याला खोटं पाडायचं आहे. सगळ्यांदेखत खेळून दाखवलं की प्रश्न मिटला, असं तुला वाटतं. चांगल्या रॉडचं निघालं तर तू जिंकलीस. पण ते तुला माहीत नाही, सायली. कापताना रंगाची बाजू गेली, आता ते तुलाही माहीत नाही आणि मलाही नाही. माहीत असतं तर तू माझा फोन घेतला असतास.

याह्या रोज नऊला येतो, यंत्रं पुसतो, कापत काही नाही. तुझ्याविषयी एक शब्द वाईट बोललेला नाही. पत्रात काय लिहू म्हणून विचारलं तर म्हणाला, "काकू, उसकू बोलो पयले हवा निकाल. झगडा बाद में करेंगे." कारखाना बुडेल की राहील ते त्यानंतर बघू. सार्थकचं काम सगळ्यांत आधी करायचं आहे, आणि ते अक्षर फक्त तुला जमतं.

तेव्हा झेबासमोर, आत्ता, पत्र खाली ठेवायच्या आधी मार्कर घे. बाटली काढ. नळी जमिनीकडे कर आणि उरलेली हवा सोड. तोंड बाजूला ठेव. मग टोपण काढून झेबाच्या हातात दे. बोटांना काही लागलं का, ते मला सांगू नकोस.

झेबा रिकाम्या हाताने निघाली, तर ती तिथूनच मला फोन करेल. मी शनिवारी रात्रीच्या गाडीत बसेन. मैदान शोधायला मला कुणाची मदत लागत नाही. रविवारी तू नेम धरशील तेव्हा मी तुझ्या पाठीमागे, त्याच रेषेत उभी असेन. मुखवटा घालणार नाही, हे आधीच कळवते.

आई